धाकटीची उघड्या छपराची गाडी

त्या गाडीचं छप्पर सोळा सेकंदांत उघडतं. मी मोजलंय. गिअरच्या मागे एक बटण आहे, ते दाबून धरायचं. आधी काचा खाली जातात, मग डिकीचं झाकण उलट्या बाजूने वर उठतं, कापडी छप्पर मधोमध मोडतं, घडी होऊन आत जाऊन बसतं आणि वरून झाकण लागतं. बंद करायला अठरा सेकंद. धाकटी ती गाडी घेऊन पहिल्यांदा आमच्या अंगणात आली तेव्हा तिने हा खेळ तीनदा करून दाखवला आणि तिन्ही वेळा अख्खी वाडी बघत होती. मी ओट्यावर उभी राहून मनातल्या मनात आकडे म्हणत होते, कारण दुसरं काही करायला गेले असते तर ते चेहऱ्यावर दिसलं असतं.

मला तिचा हेवा वाटला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे सारवासारव करायला नको. पन्नाशीला टेकलेल्या बाईला बहिणीच्या गाडीचा हेवा वाटावा हे काही शोभण्यासारखं नाही, पण शोभेल तेवढंच वाटायचं असं मनाला सांगून भागत नाही.

आम्ही दोघीच बहिणी. ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान. न्हावा शेवाला मालवाहतुकीच्या एका कचेरीत ती कंटेनरचे कागद बघते. नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. मी लग्न केलं नाही; का, ते इथे महत्त्वाचं नाही. आईच्या आजारपणात, बारा वर्षांपूर्वी, मी आगरदांड्याजवळच्या आमच्या वाडीत परत आले; आता बाबांबरोबर राहते आणि खाडीपलीकडे, दिघीच्या बाजूला, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सकाळी स्कूटर बोटीत चढवायची, पलीकडे उतरवायची. संध्याकाळी तेच उलट. अकरा वर्षं झाली, मी हात केला नाही तरी बोटीवरचे लोक माझ्यासाठी थांबतात.

बाबा सरकारी खात्यात जीप चालवायचे. ताडपत्रीच्या हुडाची जीप होती ती. आई गेल्यापासून त्यांचं बोलणं आटलं. गुडघ्यांनी दगा दिला तो त्यानंतर. सकाळी उठवते तेव्हा "हां", जेवताना "बरं", गोळ्या दिल्या की "ठेव तिथं". एवढ्या भांडवलावर आमचा दिवस चालायचा. मला त्याची सवय झाली होती. म्हाताऱ्या माणसाचं असंच असतं, असं मी स्वतःला पटवून टाकलं होतं.

तर त्या दिवशी छप्पर दुसऱ्यांदा उघडलं आणि बाबा खुर्चीतून उठले. आपले आपण. भिंतीला हात लावून ओट्याच्या दोन पायऱ्या उतरले. मी वॉकर घेऊन धावले तर त्यांनी तो कोपराने बाजूला केला आणि गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून धाकटीला विचारलं, "किती शीशीची हाय?"

"सोळाशे, बाबा. टर्बो आहे."

"आन् पिकप?"

"बसून बघा की."

"आवरेज काय देते?"

एका दमात तीन प्रश्न. मी वर्षभरात तीन प्रश्न ऐकले नव्हते.

गाडी निळी आहे, दोन दारांची, परदेशी बनावटीची. सेकंड हँड. पहिल्या मालकाने सात वर्षं जपून ठेवली, फारशी फिरवली नाही, म्हणून धाकटीला ती एखाद्या साध्या नव्या गाडीच्या किमतीत मिळाली. मला खरं लागलं ते हेच. महाग असती तर 'पैसेवाल्यांची थेरं' म्हणून नाक मुरडून मोकळी झाले असते. पण ती परवडणारी होती. म्हणजे मीही घेऊ शकले असते. उघड्या गाडीत बाबांना बसवावं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी त्यांच्यासाठी गाडी घेतली ती पांढरी, चार दारांची, उंच, एसीवाली, डॉक्टरकडे नेता यावं म्हणून. डिकीत वॉकर उभा राहतो, हे बघून घेतली. ती अंगणात आली तेव्हा बाबा म्हणाले, "बरी हाय."

मग मी धाकटीच्या गाडीतली खोड शोधायला लागले. माझा हात कुणी धरला नाही. सीटा काळ्या, दुपारी छप्पर उघडं राहिलं तर बसणाऱ्याला चटका. मागची काच एवढीशी, तिच्यातून माणूस दिसला तर दिसला. छप्पर घडी होऊन डिकीतच बसतं, त्यामुळे उघडी चालवायची तर डिकीत एक बॅग मावते, वॉकर नाही. ॲव्हरेज बारा, तेही उतारावर. आणि उंची! पुढच्या बंपरचा ओठ जमिनीपासून चार बोटांवर. आमच्या वाडीच्या तोंडाशी पाइप टाकून बुजवलेला चर आहे, त्यावरून येताना धाकटीने गाडी इतकी हळू घेतली की कोंबड्या पुढे गेल्या. ही खोड मी नीट लक्षात ठेवली.

तिने गाडी लावली ती माडाखाली. समोरच्या घरातली काकू धावत बाहेर आली. "अगो, माडाखाली काय लावतंस? एक नारल पडला की छपराची चाळन!" कापडी छपराची गाडी माडाखाली लावणारी माणसं शहरातली, हे तिला माहीत होतं. प्रश्न एवढाच होता की आमच्या अंगणात माड नसलेली जागा एकच, आणि तिथे माझी गाडी. तोडगा बाबांनी काढला. "हिची काढ आन् माडाखाली लाव. हिला पत्र्याचा टप हाय, सोसंल."

हिची म्हणजे माझी. मी चावी आणली, गाडी काढली आणि माडाखाली लावली. वाडीतले बाप्ये तोवर ठरवून मोकळे झाले होते की एप्रिलात जयंतीच्या मिरवणुकीला यंदा हीच गाडी, फुलांनी मढवून, तसबीर मागे उंच ठेवून. माझी पांढरी गाडी मिरवणुकीत सहा वर्षं आहे. ती शेवटी असते, तिच्यात पाण्याचे जार असतात.

धाकटी आठ दिवसांची रजा काढून आली होती. रविवारी संध्याकाळी तिने आम्हाला मुरूडपर्यंत फिरवलं. बाबा पुढे, मी मागे. मागे दोन सीटा आहेत, पण पाय कुठे ठेवायचे हे बनवणाऱ्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. मी आडवी बसले, गुडघे एका बाजूला, पर्स मांडीवर. चढण लागली तशी धाकटीने पाय दाबला. गाडीने मला मागे ओढलं ते थेट वर पोचेपर्यंत सोडलं नाही. जंजिरा दिसतो त्या वळणावर ती इतकी सरळ आणि घट्ट वळली की माझी पर्ससुद्धा हलली नाही. माझी गाडी त्या वळणावर कण्हते.

पण वारा. उघड्या गाडीतला वारा पुढच्या काचेवरून उडी मारतो आणि मागच्या सीटवर येऊन उतरतो. पुढच्या दोघांना नुसती झुळूक, मागच्याच्या तोंडात त्याचेच केस. आणि आवाज असा की पुढचं एक अक्षर मागे येत नाही. मला फक्त दिसत होतं. बाबा बोलत होते. हात हवेत वर करून काहीतरी दाखवत होते, मध्येच धाकटीच्या खांद्यावर थाप मारत होते, हसत होते. हसताना त्यांची मान मागे जाते हे मी विसरले होते. मी पुढे झुकून ओरडले, "काय म्हणताय बाबा?" त्यांना ऐकू गेलं नाही. अर्धा तास मी त्यांच्या हलणाऱ्या गालाकडे बघत बसले.

घरी आल्यावर धाकटीने भाजी चिरता चिरता सांगितलं. बाबांनी एकदा साहेबांना स्टेशनावर सोडल्यावर परत येताना आईला जीपमध्ये घेतलं होतं. ताडपत्री काढून टाकली होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आई पदर दातात धरून उभी राहिली होती, पुढची दांडी पकडून, आणि राजपुरीपर्यंत खाली बसायलाच तयार नव्हती. "तुला माहीतच असेल हे," धाकटी म्हणाली.

"हो," मी म्हटलं.

मला माहीत नव्हतं. बारा वर्षं एका छपराखाली राहून मला आईचं गुडघ्याचं तेल माहीत होतं, तिची शेवटची औषधं पाठ होती, तिच्या दम्याच्या रात्री माहीत होत्या. दांडी पकडून उभी राहिलेली आई मला कुणी दिलीच नव्हती. ती त्या निळ्या गाडीच्या पुढच्या सीटवर, धाकटीला, फुकट मिळाली. त्या दिवशी मी कांदा नसतानाही डोळे पुसले आणि भाजीत मीठ दोनदा टाकलं.

बुधवारी शाळेतून आल्यावर मासळी आणायला निघाले, तर धाकटीने तिच्या गाडीची चावी पुढे केली. "चालव ना ताई. एकदा बघ तर." नको म्हणायचं ठरवलं होतं, तरी हात पुढे गेला. खोटं कशाला सांगू, गाडी चांगली आहे. फार चांगली. स्टिअरिंग हातात भरतं, बोटभर वळवलं तर गाडी बोटभरच वळते. ब्रेक मऊ, पण जागच्या जागी धरतो. खड्डा लागला की मात्र पाठीच्या मणक्याला कळवूनच पुढे जाते, आणि छप्पर उघडं असलं की खराब रस्त्यावर सगळी गाडी किंचित थरथरते, वरचा आधार नसतो ना. मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने गेले. सुरूच्या बनाजवळून जाताना डोक्यावर फांद्या सरकत होत्या आणि मी एकटीच दात काढून हसत होते. हसतेय हे लक्षात आलं तेव्हा मला धाकटीचा आणखीच राग आला.

मासळीवाल्या मावशीने पाटीवरून मान वर केली. "मॅडम, गारी घेतली काय? मोठी फॅशनवाली घेतली!" बाजूच्या दोघीही बघायला लागल्या. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. "बांगडे ताजे आहेत का?" असं विचारलं. गप्प बसून केवढं काम होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

शुक्रवारी पौर्णिमा होती. संध्याकाळी वाडीतल्या विहारात वंदना झाली. बाबा पांढरा सदरा घालून धाकटीच्या गाडीतून दीडशे पावलांवरच्या विहारात गेले आणि तसेच परत आले. घरी मी खीर वाढत होते. बाबा त्यांच्या खुर्चीत, धाकटी खाली चटईवर. ती म्हणाली, "ताई, उद्या मी बाबांना आत्याकडे घेऊन जाते. त्यांनीच म्हटलंय." आत्या म्हणजे बाबांची बहीण, दिघीच्या पुढे तासाभरावर राहते. मी 'चला जाऊ' म्हणून तीन वर्षं मागे लागले होते आणि बाबा 'बघू' म्हणत होते.

"मला उद्या सकाळची शाळा आहे," मी म्हटलं.

"तुला नाहीतरी त्रास होईल ताई. मी मागे ती जाळी लावणार आहे वाऱ्याची. ती लावली की पुढे अगदी शांत, हळू बोललं तरी ऐकू येतं." ती जाळी मागच्या सीटांवरच बसवतात. लावली की मागच्या सीटा राहत नाहीत. हे तिने अगदी सहज सांगितलं. "ऊन चढायच्या आत पोचायचंय, छप्पर उघडं ठेवून. तू रोज जातेस, कुठली बोट घेऊ?"

इथे मला पाण्याबद्दल थोडं सांगायला हवं. पौर्णिमेच्या आसपास खाडीला उधाण असतं. भरती मोठी, आणि ओहोटीही, जिला आमच्याकडे सुकती म्हणतात, तेवढीच मोठी. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या पहिल्या बोटीच्या सुमाराला, पाणी इतकं खाली गेलेलं असतं की जेटीचा उतार पार तळापर्यंत उघडा पडतो, शेवाळानं बुळबुळीत. बोटीची लोखंडी फळी तिथे खाली येऊन टेकते आणि उतार जिथे फळीला मिळतो तिथे खळगा तयार होतो. स्कूटर जाते. उंच गाड्या जातात. बुटक्या गाडीवाले त्या दिवशी चहा पीत बसतात आणि पाणी भरल्यावर, नऊ-दहाच्या बोटीने जातात. खाडीकाठच्या माणसाला हे कुणी सांगावं लागत नाही, चंद्र बघितला की कळतं. धाकटीही इथलीच, पण वीस वर्षं ती घड्याळावर जगत आली आहे. तिने मला वेळ विचारली.

"पहिलीच घे," मी म्हटलं. "गर्दी नसते."

हे खरंच आहे. गर्दी नसते. मी खिरीचं पातेलं उचलून आत गेले.

माझ्या मनात काय होतं तेही सांगते. गाडीचा तो दिमाखदार ओठ सगळ्यांसमोर खरवडावा. धाकटीचा चेहरा पडावा. तिने गाडी मागे घ्यावी. बाबांनी म्हणावं, ही गाडी आपल्या कामाची नाही. मग शाळा सुटली की मी परत येईन, माझ्या उंच, पांढऱ्या गाडीत बाबांना पुढे बसवीन, काचा बंद, वारा नाही, आवाज नाही, आणि तासभर ते माझ्याशी बोलतील. मला तेवढा एक तास हवा होता. त्यासाठी बहिणीच्या गाडीचं रोगण गेलं तर मला चालणार होतं.

शनिवारी मी नेहमीप्रमाणे स्कूटर घेऊन जेटीवर पोचले. ती दोघं आधीच आली होती. छप्पर उघडं, मागे जाळी, बाबांच्या डोक्यावर कानटोपी. आणखी एक टेम्पो आणि तीन मोटरसायकली, बस्स. पाणी कुठल्या कुठे गेलं होतं. खालच्या चिखलात बगळे चालत होते. टेम्पो गेला, धाकटीने गाडी उतारावर घातली. मी मागे स्कूटर पायांवर पेलून उभी होते. लिहायला लाज वाटते, पण मजा वाटत होती.

खर्रकन आवाज आला. मला हवा होता अगदी तोच आवाज. ओठ लोखंडी फळीला टेकला आणि गाडी अडकली. खलाशी ओरडले, "ओ मॅडम, थांबा थांबा!" धाकटी घाबरली. तिने गाडी मागे घ्यायला पाय दाबला, चाकं शेवाळावर जागच्या जागी फिरली, आणि गाडी मागे यायच्याऐवजी बाजूला सरकली. डावीकडे. हातभर. मग आणखी वीतभर. त्या उताराला डावीकडे कठडा नाही. खाली काळे दगड आहेत, पुरुषभर खोल. आणि डावीकडे बाबा बसले होते.

मी उताराकडे धावले. स्कूटर हातातून सुटून आडवी झाली ती मला नंतर कळली.

तेवढ्यात बाबांचा आवाज खणखणीत ऐकू आला. छप्पर नव्हतं, वारा नव्हता, सगळ्या जेटीला ऐकू आला. "पाय काढ! ॲक्सिलेटरवरचा पाय काढ. ब्रेक दाब. हां. आता सोडू नको." एक खलाशी त्यांना उतरवायला आला तर म्हणाले, "मी उतरनार न्हाय. वजन असू दे या बाजूला. तू फल्या आन, दोन." फळ्या आल्या. चाकांखाली कुठे, कशा घालायच्या, ते त्यांनी दारावरून वाकून दाखवलं. मग धाकटीला म्हणाले, "आता सरल घालू नको. तिरकी घे. आधी एक चाक चरू दे, मंग दुसरा. घाई न्हाय आपल्याला." ती रडत होती आणि तिरकी घेत होती. एक चाक चढलं, गाडी कलली, दुसरं चढलं, मागची दोन आपोआप आली. खलाशांनी टाळ्या वाजवल्या. टेम्पोवाला म्हणाला, "बाबांनू, लायसन हाय का अजून?" बाबा हसले. मान मागे टाकून.

माझी स्कूटर कुणीतरी उचलून बोटीत आणली. बोट सुटली. धाकटी खाली बसून गाडीचा ओठ बघत होती. बाबा कठड्याला धरून उभे होते, वॉकर नाही, काठीवर. मी पाण्याची बाटली घेऊन त्यांच्याजवळ गेले, कारण काहीतरी हातात घेऊन जाणं मला त्यांच्याजवळ नेहमी बरं पडतं.

त्यांनी दोन घोट घेतले. दिघीकडे बघत म्हणाले, "सुकती हाय ठाव व्हतं मला."

मी बाटलीसाठी हात पुढे केला.

"पुनवेची दुसरी सकाल. ठाव व्हतं."

"मग काल बोलला का नाहीत?" मला राग आला. खरंच आला. जणू चूक त्यांची होती.

"तू सांगशील म्हनून गप ऱ्हायलो." त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, नीट, दोनदा फिरवून. "सकाली गाडीत बसेस्तवर वाट बघितली. आता सांगंल, मंग सांगंल." मग बाटली माझ्या हातात दिली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी उलट बोलले असते.

पलीकडे उतरताना सगळे आधी गेले. शेवटी फळ्या लावून, बाबांच्या सांगण्यावरून, धाकटीने गाडी तिरकी वर काढली आणि जेटीच्या डोक्यावर बाजूला लावली. मला शाळेला उशीर होत होता. मी स्कूटर तिच्या शेजारी थांबवली. बाबा पुढच्या सीटवर टोपी सारखी करत होते. धाकटी गाडीच्या पुढे उकिडवी बसून बोटाने ओरखडा चाचपत होती.

"मला माहीत होतं," मी म्हटलं.

"काय?"

"आज पाणी खाली असणार. ही गाडी खालून घासणार. मला काल विचारलंस तेव्हाही माहीत होतं."

तिला कळायला वेळ लागला. तिने माझ्याकडे बघितलं, मग त्या ओरखड्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. ती भांडेल अशी माझी अपेक्षा होती. लहानपणी ती चावायची. मला वाटलं, आता गाडीचं काढेल, किती हौसेने घेतली ते काढेल, आणि मग मलाही माझं सगळं काढता येईल: बारा वर्षांचं, गोळ्यांचं, माडाखाली लावलेल्या गाडीचं. माझी तयारी होती.

ती उठली. हात साडीला पुसावेत तसे पँटला पुसले. मागे वळून बाबांकडे बघितलं आणि त्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू मला विचारलं, "गाडीचं जाऊ दे ताई. पण आत बाबा बसणार होते ना?"

मग ती गाडीत बसली. बाबांचा पट्टा तिने स्वतः ओढून लावला आणि दोघं निघून गेली. मी स्कूटरला किल्ली लावून तिथेच उभी राहिले. बारा वर्षं बाबांचं सगळं मी केलं होतं, आणि तो प्रश्न मात्र ती विचारू शकत होती, मी नाही. मला तिचा आयुष्यात सगळ्यात जास्त हेवा वाटला तो त्या क्षणी.